वीस गाड्यांचं पाणी

मेस्त्री आणि त्यांची सून यांच्यात दोन वर्षं विस्तव जात नव्हता, आणि दोघांच्या मध्ये भिंतीत बसवलेला होता तो घर गरम ठेवणारा बॉयलर. हसू नका. त्या घरात हसण्याची पद्धत केव्हाच बंद पडली होती.

मेस्त्री म्हणजे बस डेपोतले ब्रेकवाले. चौतीस वर्षं त्यांनी गाडीखाली पाठीवर पडून काढली. आपण हात लावलेल्या गाडीचा ब्रेक कधी फेल गेला नाही, हे ते कोणी न विचारता सांगत, आणि ते खरं होतं, म्हणून ऐकणाऱ्याला जास्तच राग येई. डेपो सुटला पण खोड सुटली नाही. घरात बाहेरचा कारागीर येणार म्हटलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पंखा त्यांनीच खोलायचा, इस्त्री त्यांनीच, दाराचं कुलूप त्यांनीच, आणि जोडून झाल्यावर एखादा स्क्रू उरला तर तो कंपनीनं जास्तीचा दिला होता असं समजायचं. बायको होती तेव्हा म्हणायची, "मी मेले की मलाही खोलून बसाल, बिघाड कुठं होता ते बघायला." ती गेली त्याला बारा वर्षं झाली. मग घरात मेस्त्री आणि मुलगा उरले, आणि मुलाचं लग्न झाल्यावर सून आली.

सून मोठ्या इस्पितळात नर्स. बोलणं मोजकं, कामाला वाघ, आणि राग कायम नाकावर. नवरा होता तोवर ती सासऱ्यांना 'बाबा' म्हणायची. तो गेला त्या दिवसापासून 'मामंजी' म्हणायला लागली. शब्द आदराचाच, पण ती तो असा उच्चारायची की दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी लावल्यासारखं वाटे.

मुलगा कसा गेला ते एकदाच सांगून टाकतो, कारण सगळं वैर तिथूनच सुरू होतं. सकाळपासून त्याच्या छातीत दुखत होतं. मेस्त्री घरी होते. ते म्हणाले, "गॅसेस असतील. गरम पाणी पी आणि पड जरा." त्यानं बायकोला दोनदा फोन लावला. ती वॉर्डात होती, फोन नियमाप्रमाणे कपाटात बंद. दुपारी साडेबाराला सगळं संपलं. वय अडतीस. सुनेनं मनात धरलं की घरात एक माणूस होता आणि तो गॅसेस म्हणाला. सासऱ्यांनी धरलं की बायको नर्स असून तिनं फोन उचलला नाही. पहिल्या महिन्यात दोघांनी हे एकमेकांना तोंडावर ऐकवलं. एकदाच. पुन्हा ऐकवायची गरज पडली नाही, कारण रोज एकाच टेबलावर जेवताना ते ऐकू येतच होतं.

राहिला बॉयलर. स्वयंपाकघर आणि सुनेची खोली यांच्यामधल्या भिंतीत एक उंच कपाट होतं, त्यात तो बसवलेला. त्यातलं गरम पाणी नळ्यांतून सगळ्या खोल्यांत फिरून परत येई. पाणी फिरायला आत थोडा दाब लागतो, आणि तो हळूहळू उतरतो, म्हणून अधूनमधून एक कॉक उघडून थोडं नवं पाणी आत सोडायचं असतं. दाब फार झाला तर सेफ्टी व्हॉल्व्ह जास्तीचं पाणी बाहेर टाकतो. एवढंच त्याचं शास्त्र. मुलगा यंत्रांच्या कारखान्यात नकाशे काढायचा. त्यानं चार रविवार खपून हा बॉयलर स्वतःच्या हातानं बसवला होता. त्या चार रविवारी पाना पुढं करणारा हात बापाचा होता आणि आवळणारा मुलाचा. मेस्त्रींनी आयुष्यात कोणाच्या हाताखाली आनंदानं काम केलं असेल तर तेवढंच.

मुलगा गेल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सेफ्टी व्हॉल्व्ह गळायला लागला. आधी थेंब, मग बारीक धार. मेस्त्रींनी बॉयलर बंद करून पाणी काढलं, व्हॉल्व्ह खोलला, आतला वायसर बदलला आणि परत बसवला. गळती थांबली. मेस्त्री छाती काढून फिरले. चौथ्या आठवड्यात परत टपटप. पुन्हा पाणी काढा, पुन्हा वायसर, पुन्हा तीन आठवडे कोरडे आणि पुन्हा टपटप. दोन हिवाळे हेच चाललं. उन्हाळ्यात बॉयलर बंद असे तेवढीच काय ती विश्रांती. हार्डवेअरवाला मेस्त्रींना लांबून बघितलं की वायसरांचा डबा काढून ठेवायचा. इकडं सुनेच्या खोलीतली भिंत फुगली, आणि एका सकाळी उशाशी गिलाव्याचा पोपडा पडलेला तिला दिसला.

"सोमवारी माणूस येतोय," सून म्हणाली. ती सासऱ्यांशी बोलायची ते भांडी घासताना, नळाकडं तोंड करून. "हा काढून नवा बसवणार आहे."

"हा म्हणजे कुठला?"

"घरात एकच आहे."

"तो त्यानं बसवलाय."

"त्यानं बसवला तेव्हा गळत नव्हता. तुम्ही पाना लावून लावून वाट लावलीत त्याची. त्याच्या हातचा एक तरी नट जागेवर ठेवलात का, मामंजी? मला नाही बघवत. त्यापेक्षा निघालेला बरा."

मेस्त्रींच्या हे जिव्हारी लागलं. "या खेपेला अख्खा व्हॉल्व्हच नवा टाकतो," ते म्हणाले. "मग गळला तर सांग."

"तीन आठवड्यांनी गळेल. दर वेळी गळतो. का गळतो ते सांगता येतं का तुम्हाला? पेशंटला ताप कशानं येतो ते न बघता गोळ्या देत बसल्यासारखं चाललंय. कारण शोधून दाखवा, मी त्या माणसाला नको म्हणून कळवते."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर सोमवार आहेच."

"हा बॉयलर ज्या दारानं बाहेर जाईल त्या दारानं मी पण जाईन. बहिणीकडं."

सुनेनं शेवटचं ताट विसळून जाळीत ठेवलं. "बॅग माळ्यावर आहे," ती म्हणाली. "तिची चेन अडकते. धरून ओढा."

घ्या. आता मागं कोण फिरणार? घर मुलाच्या नावावर होतं ते सुनेच्या नावावर आलेलं, तेव्हा निघायचं झालं तर मेस्त्रींनीच निघायचं होतं. एकदा तोंडातून शब्द गेला की तो परत घेणाऱ्यातले ते नव्हते, आणि हात धरून थांबवणाऱ्यातली ती नव्हती. बहीण म्हणजे तीन जिने वर एका खोलीत राहणारी म्हातारी, कानानं अधू, दिवसभर टीव्ही ठणाणा लावून बसणारी. एकाहत्तराव्या वर्षी मेस्त्री तिच्या पायाशी गादी टाकून झोपणार होते. त्याच रात्री त्यांनी बॅग काढली, चार कपडे भरले आणि ती पलंगाखाली सरकवली. चेन खरंच अडकत होती.

शनिवारी सून दिवसपाळीला गेली आणि मेस्त्री कामाला लागले. वीज बंद केली, आत येणारं पाणी बंद केलं, खालची तोटी उघडून काळपट पाणी बादल्यांत काढलं. नऊ बादल्या. एकेक बादली मोरीत ओतताना कंबर बोलायला लागली, तिला दोन शिव्या घातल्या. व्हॉल्व्हच्या नटाला एक पाना लावला आणि मागच्या पाईपला दुसरा. नवखा माणूस एकाच पान्यानं जोर करतो आणि पाईपच पिळून ठेवतो. मेस्त्री नवखे नव्हते. व्हॉल्व्ह सुटून हातात आला, तो त्यांनी खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

व्हॉल्व्हला काही झालेलं नव्हतं. वायसर महिन्याभराचा, कोरा करकरीत. वायसर टेकतो ती बैठक साफ, स्प्रिंगमध्ये जोर, आट्यांवर ओरखडा नाही. दोन हिवाळे मेस्त्री ज्याला शिव्या घालत होते ते बिचारं आपलं काम चोख करत होतं. म्हणजे दाबच वाढत असला पाहिजे. पण वाढेल कसा? दाबाचा काटा बॉयलरच्या पोटावर समोरच होता, आणि तो सकाळपासून हिरव्या पट्ट्याच्या मधोमध उभा होता. दोन वर्षांत एकदाही तिथून ढळला नव्हता. या काट्याचा मेस्त्रींना अभिमान होता. आपण पाणी किती नेमानं भरतो याची ती पावतीच आहे, असं ते मनात म्हणत.

तरी नवा व्हॉल्व्ह त्यांनी बसवला, कारण आणला होता. आट्यांवरून टेप आट्यांच्याच दिशेनं फिरवली, हातानं लागेल तितका लावला, मग पान्यानं पाऊण फेरा. वरच्या तोटीतून पाणी येईपर्यंत नळ्या भरल्या आणि बॉयलर चालू केला. कोरडं. पण कोरडं तर दर वेळी तीन आठवडे असायचंच. कारण काही सापडलं नव्हतं. रात्री सून आली, नव्या व्हॉल्व्हकडं एक नजर टाकली आणि आपल्या खोलीत गेली. सोमवारच्या माणसाला तिनं काही कळवलं नाही, हे मेस्त्रींना न विचारता समजलं.

आता रविवारची गोष्ट. बॉयलर चालू असे तोवर दर रविवारी मेस्त्री पहाटे साडेपाचला उठायचे आणि सून उठायच्या आत एक काम उरकायचे. शेवटच्या हिवाळ्यात मुलगा त्यांना बाजूला घेऊन म्हणाला होता, "बाबा, दर रविवारी हा कॉक उघडायचा, वीस गाड्या मोजायच्या आणि बंद करायचा. काट्यावर जाऊ नका, मोजूनच भरा. मी कधी गावाला असलो तर तुमच्याकडं हे काम. हिला सांगू नका, ती ड्युटीवरून दमून येते, विसरेल."

वीस गाड्या म्हणजे काय ते डेपोबाहेरच्या माणसाला कळणार नाही. ब्रेकच्या नळीतली हवा काढताना ठरावीक वेळ पेडल दाबून धरावं लागतं, आणि नुसतं एक दोन तीन म्हटलं की माणूस घाईघाईत मोजतो. म्हणून मेस्त्री 'एक गाडी, दोन गाडी, तीन गाडी' असं म्हणायचे, की एका गाडीला बरोबर एक सेकंद लागतो. मुलगा सहा वर्षांचा असताना डेपोत येऊन बसायचा आणि गाडीबाहेर उभा राहून मोठ्यानं मोजायचा. पुढं तो दात घासतानाही असंच मोजे. मेस्त्री दर रविवारी त्या कॉकपाशी उभे राहून वीस गाड्या मोजत, तेवढा वेळ मुलगा त्यांना घरात असल्यासारखा वाटे. हे ते कुणाला सांगणार नव्हते, मेले तरी.

त्या रविवारीही त्यांनी वीस गाड्या मोजून कॉक बंद केला. यानंतर चपला घालून कोपऱ्यावर जायचं, पेपर घ्यायचा आणि चहावाल्याकडं तासभर बसायचं, असा नेम होता. चपला घातल्या, दारापर्यंत गेले, आणि पाऊल उचलेना. उद्या सोमवार. कारण कळत नाही तर निदान बसून बघू तरी, असं म्हणत ते चपलांसकट परत आले आणि स्वयंपाकघरात फ्रिजच्या आडोशाला अंधारात स्टूल टाकून बसले, डोळे कपाटाकडं लावून.

अर्ध्या तासानं सुनेच्या खोलीचं दार वाजलं. तिनं बाहेर डोकावून चपलांच्या जागेकडं बघितलं. चपला नव्हत्या. ती स्वयंपाकघरात आली, दिवा न लावता कपाट उघडलं आणि कॉकला हात घातला. आत पाणी शिरल्याचा सूं आवाज झाला.

"एक गाडी," सून हळू आवाजात म्हणाली. "दोन गाडी. तीन गाडी."

मेस्त्रींनी कान टवकारले. तोच ठेका होता, 'गाडी'वर जरा रेंगाळून पुढं जायचा. मुलाचा. त्यांनी उठायला हवं होतं, पण वीस होईपर्यंत त्यांच्यानं उठवलं नाही. तिनं कॉक बंद केला आणि मग मात्र त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

"म्हणजे तू," ते अंधारातून म्हणाले.

सून दचकली, पण ओरडली नाही. नर्सेस ओरडत नाहीत. तिनं दिवा लावला. "चोरासारखे काय बसलात?"

"चोर मी? दोन हिवाळे गुडघे फोडून घेतोय मी इथं, आणि तू मागून येऊन पाणी भरतेस? कुणी सांगितलं तुला?"

"त्यानं."

"खोटं. त्यानं मला सांगितलं होतं. दर रविवारी वीस गाड्या. मी आत्ता पहाटेच भरलंय."

"मला सांगितलं होतं," सून एकेक शब्द तोलून म्हणाली. "म्हणाला, बाबांच्या हल्ली लक्षात राहत नाही, त्यांच्यावर सोडू नकोस. त्यांना कळू देऊ नकोस, वाईट वाटेल."

मेस्त्रींना तोंडात मारल्यासारखं झालं. "मला म्हणाला, तुला सांगू नका. तू दमून येतेस, विसरतेस."

"मी विसरते?" तिचा चेहरा लाल झाला. "बारा बारा पेशंटची औषधं वेळेवर देते मी. मी विसरते?"

आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांना एकाच वेळी, एकाच माणसाचा राग आला. तो माणूस तिथं नव्हता.

"पण काटा बघ," मेस्त्री म्हणाले, कारण काहीतरी बोलायला हवं होतं. "दोघांनी भरलं असेल, तरी काटा जागेवर आहे की. दाब वाढला असता तर हलला असता."

सून काट्याजवळ वाकली. "काल सगळं पाणी काढलंत तुम्ही."

"नऊ बादल्या."

"तेव्हा काटा कुठं होता?"

मेस्त्रींना आठवलं. काटा हिरव्या पट्ट्यात होता. बॉयलर रिकामा, नळ्या रिकाम्या, मोरीत नऊ बादल्या पाणी ओतलेलं, आणि काटा मधोमध. त्यांनी तो बघितला होता. बघून खूश झाले होते.

सुनेनं नखानं काचेवर टिचकी मारली. काही झालं नाही. दुसरी जरा जोरात मारली, आणि काटा थरथरून सुटला, हिरवा पट्टा ओलांडून पुढं गेला आणि लाल रेघेच्या अलीकडं थांबला. "ऑक्सिजनच्या सिलिंडरला असं होतं," ती म्हणाली. "पहिल्या वर्षाच्या मुलींनाही शिकवतो आम्ही. आधी टिचकी मारा, मग विश्वास ठेवा."

'काट्यावर जाऊ नका, मोजूनच भरा.' पोरानं सांगितलं होतं. त्याला माहीत होतं. मेस्त्रींनी त्यातलं मोजायचं तेवढं ऐकलं होतं आणि बाकीचं, हा मला काय शिकवतो, म्हणून सोडून दिलं होतं. ते स्टुलावर बसले. हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआप लागत गेला. दर रविवारी हवं त्याच्या दुप्पट पाणी. पहिल्या रविवारी काटा इथं, दुसऱ्या रविवारी रेघेवर, तिसऱ्यानंतर व्हॉल्व्ह उघडणारच. पाणी काढलं की परत पहिल्यापासून. व्हॉल्व्ह कधी बिघडलाच नव्हता.

"सापडलं कारण," सून म्हणाली. "आता तुम्ही भरायचं थांबा."

"मी का? तू थांब."

"मी नाही थांबणार."

"मग मी पण नाही."

"तुम्हाला काय हक्क आहे? तो गॅसेस..." ती मध्येच थांबली.

"बोल. आणि तू फोन..." तेही थांबले.

दोघंही पुढचं बोलले नाहीत. ते मागं घेतलं म्हणून नव्हे. दोघांनाही ते पाठ होतं आणि दोघांचंही त्यातलं आपल्या वाट्याचं रोज रात्री स्वतःलाच म्हणून झालं होतं, म्हणून. मेस्त्रींना हे तिच्याबद्दल त्या क्षणी समजलं आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही. तिला दोष देणं जास्त सोपं होतं.

सून कॉककडं बोट करून म्हणाली, "दहा-दहा."

"काय दहा-दहा?"

"दहा गाड्या तुमच्या, दहा माझ्या. आणि समोरासमोर. तुम्ही हळूच बारा कराल."

"तू पंधरा करशील."

"म्हणूनच समोरासमोर." तिनं फोन काढून सोमवारच्या माणसाला निरोप टाकला आणि कपाट बंद केलं. मेस्त्रींनी तोटी उघडून जास्तीचं पाणी काढलं, काटा हिरव्यात आणला आणि स्वतः टिचकी मारून बघितला. सून बघत नाही याची खात्री करून मारली.

पुढच्या रविवारी दोघं कपाटापुढं उभे राहिले, एकमेकांना खांदा लागणार नाही इतक्या अंतरावर. मेस्त्रींनी कॉक उघडला, दहा गाड्या मोजल्या आणि हात काढला. सुनेनं कॉकवर हात ठेवला.

"अकरा गाडी. बारा गाडी. तेरा गाडी." ती भिंतीकडं बघत होती. सतरा गाडीनंतर तिचा आवाज आला नाही. ओठ हलले, पण आवाज येईना. पाणी आत जात राहिलं. मेस्त्रींनी तिच्याकडं बघितलं नाही.

"अठरा गाडी," ते म्हणाले.

"एकोणीस गाडी," सून म्हणाली. "वीस गाडी." तिनं कॉक बंद केला, काचेवर टिचकी मारली आणि पदरानं डोळे पुसले. "मला मोजता येतं, मामंजी. मध्ये बोलू नका."

"मग मोजायचं ना," मेस्त्री म्हणाले आणि चपला घालून पेपर आणायला गेले. बॅग अजून पलंगाखाली भरलेलीच होती.